दोन तासांनंतरची साखर

पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात विरघळवलं की त्याला पाणी म्हणवत नाही, तो पातळ पाकच होतो. गरोदर बाईनं तो पाच-दहा मिनिटांत संपवायचा, मग दोन तास लॅबमध्येच बसायचं, इकडेतिकडे हिंडायचं नाही, काही खायचं नाही, आणि दोन तास भरले की दंडाला पट्टा बांधून साखरेसाठी रक्त द्यायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी तो पेला स्वतः पिऊन पाहिला. बायकांना "काही नाही हो, सरबतासारखं लागतं" असं रोज सांगत होते आणि ते खरं आहे का हे मला माहीत नव्हतं. खरं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी "गोड लागेल, मळमळेल, पण पिऊन टाका" असं सांगू लागले आणि त्यात लिंबू पिळायला लागले.

नाशिकरोडच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकतीस वर्षं टेक्निशियन होते. लोकांना वाटतं, लॅबमधलं काम म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं. आमचं निम्मं काम नळीचं असतं. कुणाची, कोणत्या झाकणाची, किती वाजता भरली, किती वाजता आमच्या हातात आली. पुढचं मशीन करतं. मशीन कधी म्हणत नाही की मला दिलेलं रक्त चुकीचं आहे. ते इमानदारीनं आकडा काढून देतं.

गरोदरपणातल्या मधुमेहाची गंमत अशी, की त्याचा त्रास बाईला जाणवतच नाही. वार, म्हणजे गर्भात बाळाला पोसणारा अवयव, शरीरात अशी द्रव्यं सोडते की आईच्या इन्शुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेकींचं शरीर जास्त इन्शुलिन करून निभावून नेतं. काहींचं नेत नाही. मग रक्तातली जादा साखर बाळाकडे जाते आणि बाळ पोसत राहतं. घरचे खूश असतात, पोट चांगलं दिसतंय म्हणून. अडचण येते ती बाळ बाहेर येताना. म्हणून लक्षण असो वा नसो, सगळ्यांचीच तपासणी करायची, एकदा सुरुवातीला आणि एकदा सहाव्या महिन्याच्या आसपास. दोन तासांनंतरची साखर एकशेचाळीस किंवा वर गेली की मधुमेह धरायचा. त्याखाली, सुटलात.

या दोन तासांत माणसं फार कळतात. छापखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले, ते मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून बसले. एक तास अठ्ठावन्न मिनिटं झाल्यावर मी पट्टा बांधायला घेतला तर म्हणाले, "मॅडम, अजून दोन मिनिटं आहेत." मी थांबले. त्यांचं बरोबर होतं. नामपूरकडची एक बाई होती, सासूबरोबर आलेली. सासूबाई सुनेच्या पेल्याकडे बघून म्हणाल्या, "तिले काही व्हयनं नही, ती चांगली शे. मालेच द्या, मना पाय दुखतस." ग्लुकोज म्हणजे शक्तीचं औषध, अशी त्यांची समजूत. दुसरा पेला करून दिला असता तर त्यांचंच काही निघालं असतं अशी मला शंका आली, म्हणून त्यांची साधी साखर तपासली. मधुमेह निघाला. सून ठणठणीत होती.

सगळ्यात जास्त भीती मला उलटी लपवणाऱ्यांची वाटायची. पेला पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. लांबून आलेली बाई बाथरूममध्ये जाते, उलटी करते, तोंड धुते, पदरानं पुसते आणि गुपचूप बाकावर येऊन बसते. आकडा छान येतो. मी बाथरूमच्या दाराजवळ खुर्ची टाकून बसायला लागले तेव्हा बाकीचे हसायचे.

लोक विचारायचे, एवढा उपद्व्याप कशाला, ती तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करा ना, तिला ना उपास लागतो ना पेला. मीही पूर्वी तसं म्हणायचे. मग सुरगाण्याकडची एक मुलगी आली. जेमतेम वीस वर्षांची, अंगानं काडी. तिची सरासरी इतकी सुंदर आली की पाठ थोपटावी. पण तिच्या डॉक्टरीणबाईंनी आग्रह धरून पेलाही प्यायला लावला, आणि दोन तासांनंतरची साखर दोनशेच्या पलीकडे. मी तीनदा तपासलं. मग आमच्या सरांनी, म्हणजे लॅबच्या मालक डॉक्टरांनी, तिच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बोलावलं. काही तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या. सिकलसेल. तिच्या पेशी तीन महिने टिकतच नव्हत्या, लवकर मरत होत्या, मग तीन महिन्यांची साखर त्यांच्यावर चढणार कुठून? रक्तातली एखादी खूण चांगली असते म्हणजे सगळ्यांसाठी चांगली असते असं नाही, हे मी त्या दिवशी शिकले. ती मुलगी वेळेवर सापडली आणि तिचं नीट झालं.

वैशालीचं नीट झालं नाही. तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे. संपादकांनी "लॅबमधल्या गमतीजमती" मागितल्या होत्या, त्या वर दिल्या.

पिंपळगाव बसवंतला आमचं कलेक्शन सेंटर होतं, म्हणजे एक गाळा, एक टेबल, एक फ्रीज आणि कैलास. कैलास चाळिशीचा, हात हलका, कुणाचीही शीर पहिल्या झटक्यात सापडायची. दिवसभर रक्त घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत नळ्या मोटरसायकलवरून आमच्याकडे पोहोचवायचा. वैशाली तिथल्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायला जायची. पहिलटकरीण, सहावा महिना. हंगाम चालू होता. सुट्टी मागितली तर जागा दुसरीला मिळणार, म्हणून सकाळी पेला पिऊन, दोन तास बसून, रक्त देऊन ती कामावर गेली.

ती नळी माझ्या हातात आली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. नळीचं झाकण लाल होतं.

बाहेरच्या माणसाला यात काय, असं वाटेल. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. तासागणिक साखर उतरत जाते. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी असते, तिच्यात पेशींचं खाणं रोखणारी पूड असते. लाल झाकणाच्या नळीत ती नसते. लाल नळी यंत्रात फिरवून रक्तावरचं पिवळसर पाणी लगेच वेगळं काढलं तर चालतं. चार-पाच तास तशीच पडून राहिली तर साखर खोटी कमी दिसते.

मी कैलासला फोन केला. "अरे, ही साखरेची लाल नळी कशी पाठवलीस?"

"ताई, राखाडी संपल्या होत्या सकाळी. उद्या येतीलच."

"मग तिला उद्या बोलव. ही मी लावत नाही."

"ताई, ती नाय येणार. आजचीच अर्धी रोजी गेली तिची. उद्या म्हटलं तर ती तपासणीच सोडून देईल. लावा ना एवढी. बघा काय येतंय."

मी लावली. एकशे एकतीस आली. एकशेचाळीसच्या खाली. मी रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं, माझी सही केली, सरांच्या सहीसाठी ठेवला. रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात मात्र "लाल नळी" असं लिहिलं. का लिहिलं ते मला नीट सांगता येत नाही. जे रजिस्टरमध्ये लिहायचं सुचलं ते रिपोर्टवर लिहायचं सुचलं नाही, किंवा सुचलं आणि लिहिलं नाही.

तीन महिन्यांनी नाशिकच्या एका प्रसूतितज्ज्ञ बाईंचा सरांना फोन आला. पिंपळगावहून ऐनवेळी पाठवलेली केस होती. बाळ सव्वाचार किलोचं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. बाळ वाचलं, आई वाचली, पण ओढाताणीत बाळाच्या उजव्या हाताच्या नसा ताणल्या गेल्या. मुलगी. हात लुळा. डॉक्टरीणबाई रागावलेल्या नव्हत्या, फक्त विचारत होत्या, "तुमचा साखरेचा रिपोर्ट नॉर्मल आहे. एवढं मोठं बाळ बघून मला पटत नाही. जरा बघता का?"

सरांनी मला रजिस्टर आणायला सांगितलं. मी पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी शेरा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"शैलाताई, नळी आली तेव्हा किती वाजले होते?"

मी सांगितलं. फोनवरचं बोलणंही सांगितलं. सर आवाज चढवणारे नव्हते. रजिस्टर मिटून म्हणाले, "तिची खरी साखर किती होती, हे आता जगात कुणीच सांगू शकत नाही. कदाचित खरंच नॉर्मल असेल. साखर नसतानाही मोठी बाळं होतात, खांदेही अडकतात. जे सिद्ध होत नाही ते आपण जाऊन सांगायचं आणि त्या घरात आग लावायची, याचा कुणाला उपयोग?"

त्यांचं बोलणं शास्त्राला धरून होतं. डॉक्टरीणबाईंना त्यांनी नळीबद्दल सांगितलं. घरच्यांना कुणी काही सांगितलं नाही. कैलासला राखाडी नळ्यांचे दोन जादा डबे गेले आणि त्याचबरोबर सक्त ताकीद. मला कुणी ताकीद दिली नाही. वैशालीचा फोन नंबर त्याच पानावर होता. मी रजिस्टर कपाटात ठेवून दिलं.

पुढच्याच वर्षी एक संशोधन आमच्याकडे आलं. बाहेरगावच्या एका संस्थेतल्या मृणालिनी मॅडम, वय तिशीचं, बोलायला झपाट्याच्या. त्यांना गरोदर बायकांचं तिसऱ्या महिन्यातलं रक्त हवं होतं. त्यांनी मला समजावलं ते असं: सहाव्या महिन्यात साखर वाढलेली दिसते तोवर आत बरंच काही घडून गेलेलं असतं. पण वार आणि चरबीच्या पेशी त्याआधीपासून रक्तात निरनिराळी प्रथिनं सोडत असतात, आरएनएचे अगदी बारके तुकडे सोडत असतात. ज्या बाईला पुढे मधुमेह होणार, तिच्यात या रेणूंचं प्रमाण तिसऱ्या महिन्यातच वेगळं दिसतं का, हे त्यांना बघायचं होतं. दिसलं तर एक दिवस पेलाही नको आणि दोन तासांचं बसणंही नको. एक नळी रक्त, तेही वेळेवर.

सर म्हणाले, "यातून लॅबला काही मिळणार नाही, शैलाताई. वाढीव काम आहे. बघा."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते कुणी विचारलं नाही.

नियम कडक होते. रक्त घेतल्यापासून अर्ध्या तासात नळी फिरवून वरचं पाणी वेगळं काढायचं, बारक्या कुप्यांत भरायचं, कुपीवर नाव नाही, फक्त क्रमांक, आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायची. मी त्यात आणखी एक नियम घातला, वेळ दोघांनी लिहायची, रक्त घेणाऱ्यानं आणि नळी उतरवून घेणाऱ्यानं, आणि फरक पडला तर नळी फेकून द्यायची. मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "मी एवढं मागितलं नव्हतं." मी म्हटलं, "असू द्या." मी त्या काळात फेकलेल्या नळ्यांवरून लॅबमधल्या मुलींनी मला मागे काय नाव ठेवलं होतं तेही मला ठाऊक आहे.

बायकांना समजावणं सगळ्यात अवघड. संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं, की या रक्ताचा निकाल तुम्हाला कळवला जाणार नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. एक बाई म्हणाली, "मग घेता कशाला? आमचं रक्त, आम्हालाच नाय सांगायचं?" मी म्हटलं, अजून आम्हालाच वाचता येत नाही, खोटं काय सांगू? ती विचार करून म्हणाली, "हे बरं हाय. वाचता येत नाय तर नाय म्हणावं." आणि हात पुढे केला.

मे महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी फ्रीजरचा अलार्म वाजला. कॉम्प्रेसर बसला होता. आत दीड वर्षाचं रक्त. दुरुस्तीवाला लग्नाला गेलेला. मी कैलासला फोन केला, कारण ओळखीपाळखी त्याच्याकडे. दहा मिनिटांत त्यानं पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराला लाइनवर घेतलं. ते भले गृहस्थ म्हणाले, "ताई, काय काळजी करता? माझं आख्खं कोल्ड स्टोरेज रिकामं हाय. हंगाम संपला. आणा तुमचा माल."

"किती थंड असतं हो?"

"शून्य. एकदम परफेक्ट शून्य."

"आम्हाला उणे ऐंशी लागतं."

"उणे ऐंशी? मुडदे हायेत का काय हायेत तुमच्याकडं?"

शेवटी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कोरडा बर्फ विकणारा एक माणूस सापडला. त्याला झोपेतून उठवलं, कैलासनं टेम्पो मिळवला, आणि आम्ही दोघांनी जाड हातमोजे घालून थर्माकोलच्या खोक्यांत थर लावले, बर्फ, कुप्या, बर्फ. घामानं अंग निथळत होतं आणि बोटं बधिर. दोन खोकी वाया गेली, बाकीचं वाचलं. काम झाल्यावर कैलास पायरीवर बसून पाणी पीत होता. तो एकदम म्हणाला, "ताई, त्या वैशालीची पोर मी बघितली बाजारात. हात वर जात नाय तिचा." मी हातमोजे काढून खोक्यावर ठेवले. त्याच्या मनातही ती नळी आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या सुमाराला वैशाली आमच्या नाशिकरोडच्या लॅबमध्ये आली. मुलीच्या हाताच्या व्यायामासाठी दर मंगळवारी तिला नाशिकला यावंच लागायचं, त्यामुळे दुसऱ्या खेपेची तपासणीही तिनं पहिलं बाळंतपण केलेल्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे चालू केली होती. तिसरा महिना. चिठ्ठीवर नाव वाचलं आणि मी मान वर केली. मी तिला त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. बुटकी, तरतरीत, डोक्यावरून स्कार्फ घट्ट बांधलेला. नवरा सोमनाथ बाहेर टेम्पोत मुलीला घेऊन बसला होता.

नेहमीचं रक्त घेण्याआधी आमच्या नव्या मुलीनं तिला संशोधनाचा कागद दिला आणि माझ्याकडे पाठवलं. मी वाचायला सुरुवात केली. गरोदरपणातला मधुमेह लवकर ओळखण्यासाठी, वगैरे. तिनं मला मध्येच थांबवलं.

"ताई, एक विचारू का? मागच्या टायमाला माझी शुगर नॉर्मल व्हती. तुमच्याच लॅबचा रिपोर्ट हाय, मी जपून ठेवलाय. मग पोरगी एवढी मोठी कशी झाली? सासूबाई म्हणत्यात, तू पॅकहाउसमध्ये चोरून द्राक्षं खाल्ली म्हणून. मी नाय खाल्ली, ताई. एक मणी खाल्ला नाय. सुपरवायझर उभा असतो."

तीन वर्षं ती हे ऐकत होती. माझ्या डोक्यात सरांचं वाक्य होतं, घरात आग लावायची. आग आधीच लागलेली होती, फक्त ती एकटीच तिच्यात होती.

मी कागद खाली ठेवला. आणि सांगितलं. नळीचं झाकण, कैलासचा फोन, मी काय म्हटलं, मग काय केलं, आकडा किती आला, तो खरा किती असू शकला असता. हेही सांगितलं, की तुला मधुमेह होताच असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण नव्हता असं ज्या कागदावर लिहिलंय, तो कागद खरा धरू नकोस. त्याच्यावर माझी सही आहे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. विचारलं, "तुम्हाला तवाच माहीत व्हतं?"

"नळी चुकीची आहे हे माहीत होतं."

"मला फोन का नाय केला? मी आले असते. रोजी गेली असती, पण आले असते. तुम्हाला कुणी सांगितलं मी येणार नाय म्हणून?"

कैलासनं सांगितलं हे खरं होतं, पण मी तिला विचारलं नव्हतं हे त्याहून खरं होतं.

ती उठली, चिठ्ठी माझ्या टेबलावरून उचलली आणि बाहेर गेली. खिडकीतून मला दिसलं, ती सोमनाथला काहीतरी सांगत होती. तो खाली उतरला, लॅबच्या दाराकडे दोन पावलं आला. तिनं त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. टेम्पो निघून गेला.

मी सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "केस होऊ शकते." मी म्हटलं, होऊ दे. ते म्हणाले, "रजिस्टर सांभाळून ठेवा. खाडाखोड नको." एवढंच. नंतर निघताना माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "मी तेव्हा चूक सांगितलं होतं तुम्हाला." केस झाली नाही. महिनाभर लॅबचा फोन वाजला की तो आधी मीच उचलायचे.

डॉक्टरीणबाईंकडून पुढचं कळत गेलं. वैशालीनं तपासणी सरकारी दवाखान्यात करून घेतली. पहिल्याच पेल्याला साखर वाढलेली निघाली. जेवणाचं पथ्य, चालणं, मग इन्शुलिन. पोटावर सुई तिनं स्वतःची स्वतः टोचली, पॅकहाउसमध्ये जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्या खेपेला साखर निघाली म्हणजे पहिल्या खेपेलाही असणारच, असं शास्त्र म्हणत नाही. पण मी शास्त्राच्या त्या फटीत लपायचं सोडून दिलं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तो पेला प्यायचा असतो, साखर गेली की राहिली हे बघायला. बहुतेक बायका तो पीतच नाहीत. बाळ झालं, विषय संपला. वैशाली आली. आमच्याकडेच आली, याचं मला आश्चर्य वाटलं आणि तसं दिसूही दिलं नाही. बरोबर सासूबाई होत्या, मांडीवर तान्हा मुलगा. तिनं पेला पिऊन टाकला, दोन तास बसली. रक्त मीच घेतलं. सुई काढल्यावर ती उठून माझ्यामागे आत आली. आत यायला परवानगी नसते. मी अडवलं नाही.

"माझ्या डोळ्यांसमोर लावा," ती म्हणाली.

मी नळी फिरवायला टाकली. ती यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. मशीनवर लावली, तेव्हाही तिथंच. आकडा आला, एकशे बारा.

"हा खरा?"

"खरा."

बाहेर येऊन तिनं तो आकडा सासूला सांगितला. मग सासूसमोरच मला म्हणाली, "ताई, यांना पण सांगा. मागच्या टायमाला काय झालं ते." मी सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. म्हातारीनं नातवाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सुनेकडे न बघता म्हणाली, "मंग द्राक्षाचं मी उगं बोलले." वैशालीनं पिशवी आवरली. पोराचं वजन किती होतं, असं मी विचारलं. "तीन किलो," ती म्हणाली, "आणि दोन्ही हात हलवतो. जन्मला तवा मी आधी तेच बघितलं."

पायरीपर्यंत जाऊन ती वळली. "तुमचं ते तिसऱ्या महिन्याचं रक्त, घेताय का अजून?"

"घेतोय."

"माझ्या जावेला दिवस गेलेत. तिला पाठवते."

मृणालिनी मॅडमच्या संशोधनाचं काय झालं, हे विचारणाऱ्यांसाठी सांगते. रक्तातल्या काही खुणा जुळल्या, असं त्या म्हणाल्या. पण काही बायकांत जुळल्या, काहींत नाही. अंगानं काडी असलेल्या, रक्त कमी असलेल्या आपल्याकडच्या बायकांत तर गोंधळच. काम चालू आहे. काउंटरवर अजून पेलाच आहे, लिंबू पिळून.

जाऊ आली. मनीषा तिचं नाव. मी खुर्ची पुढे केली, संमतीपत्र घेतलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचू लागले, या रक्ताचा निकाल तुम्हाला कळवला जाणार नाही. ती म्हणाली, "वाचू नका ताई, सही कुठं करू सांगा. जाऊबाई म्हणाल्या, तिथंच जा. तिथं चुकलं तर सांगतात."

किती वर्षांनी सांगतात, हे वैशालीनं तिला सांगितलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही. कागद मात्र शेवटपर्यंत वाचला. मग तिची बाही वर केली.